विश्लेषण : चिलखती गाडीत बसावे की पायी चालावे? गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात जवानांसमोरचा जुना प्रश्न

नक्षलवाद्यांविरोधातील मोहीम म्हटली की चकमक, शरणागती आणि आकडे यांचीच चर्चा होते. चकमकीच्या ठिकाणापर्यंत जवान पोहोचतात कसे आणि तिथून परततात कसे, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण महाराष्ट्र आणि छत्तीसगडमध्ये सुरक्षा दलांचे काही सर्वात मोठे नुकसान गोळीबारात झालेले नाही. ते रस्त्यावर, गाडीत बसलेले असताना झाले आहे. त्यामुळे जवानांनी गाडीत कधी बसावे, कोणत्या गाडीत बसावे आणि कुठे उतरावे, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. जगभरातील पायदळ शंभर वर्षांपासून याच प्रश्नाशी झुंजत आहे. त्याचे उत्तर काय आणि ते माहीत असूनही चूक का होते, याविषयी…

गोंदियाचा या प्रश्नाशी संबंध काय?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड आणि दक्षिणेला गडचिरोली. सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील दरेकसा, मुरकुटडोह, चिचगड, केशोरी, भरनोली ही नावे अनेक वर्षे पोलिसांच्या नकाशावर लाल शाईने रंगवलेली होती. माओवाद्यांनी तीन राज्यांच्या सीमेवरील या पट्ट्यासाठी महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड असा वेगळा 'एमएमसी झोन' तयार केला होता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ७० नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील दोनच जिल्हे होते : गडचिरोली आणि गोंदिया.

गडचिरोलीच्या तुलनेत गोंदियात हिंसाचार कमी झाला. माओवाद्यांनी हा पट्टा लढण्यापेक्षा ये-जा करण्यासाठी आणि विसाव्यासाठी अधिक वापरला. तरीही इथल्या पोलिसांचे रोजचे काम गडचिरोलीसारखेच राहिले. सशस्त्र दूरक्षेत्रापर्यंत रसद नेणे, निवडणुकीत मतदान पथके पोहोचवणे, आठवडी बाजारात गस्त घालणे, जंगलात शोधमोहीम राबवणे. या प्रत्येक कामात जायचे कसे, हा पहिला प्रश्न असतो. २० फेब्रुवारी २०२३ रोजी गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडमधील बोरतलाव येथे मोटारसायकलवरून निघालेल्या दोन पोलिसांना माओवाद्यांनी ठार केले. हे ठिकाण दरेकसापासून फार लांब नाही.

जांभूळखेड्यात काय घडले होते?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी १ मे २०१९ चा महाराष्ट्र दिन आठवावा लागतो. उत्तर गडचिरोलीतील कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे माओवाद्यांनी आदल्या रात्री रस्त्याच्या कामावरील दोन डझनांहून अधिक वाहने आणि यंत्रे जाळली. खबर मिळाल्यावर शीघ्र कृती दलाचे जवान कुरखेड्याहून निघाले. ते एका खासगी मालवाहू गाडीतून जात होते. जांभूळखेडाजवळ लेंढारी नाल्याच्या परिसरात रस्त्याखाली पेरलेला सुरुंग फुटला. १५ जवान आणि गाडीचा चालक असे १६ जण मृत्युमुखी पडले.

या घटनेतील क्रम महत्त्वाचा आहे. आधी जाळपोळ, मग पोलीस येणार हे गृहीत, आणि ते ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्यावर सुरुंग. जाळपोळ हे आमिष होते. गाडी साधी होती, तिला कोणतेही कवच नव्हते. एकाच गाडीत १५ जवान होते. पुढे रस्ता तपासणारे पथक चाललेले नव्हते. मानक कार्यपद्धती पाळली गेली होती का, हा प्रश्न त्यानंतर राज्यभर गाजला आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला.

ही पहिली घटना होती का?

नाही. २७ मार्च २०१२ रोजी गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस सुरुंगस्फोटात उडाली आणि १२ जवानांचा मृत्यू झाला. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीजवळ मोहिमेवरून परतणाऱ्या सी-६० पथकाची गाडी उडवण्यात आली. सात पोलीस शहीद झाले.

सीमेपलीकडेही चित्र हेच आहे. २६ एप्रिल २०२३ रोजी दंतेवाडा जिल्ह्यातील अरनपूरजवळ जिल्हा राखीव दलाचे १० जवान आणि चालक, तर ६ जानेवारी २०२५ रोजी विजापूर जिल्ह्यातील कुटरू-बेदरे मार्गावर आंबेलीजवळ आठ जवान आणि चालक मारले गेले. दोन्ही वेळा गाड्या साध्या, प्रवासी वापराच्या होत्या.

या यादीकडे नीट पाहिले तर एक समान धागा दिसतो. मुरमुरी, अरनपूर आणि कुटरू या तिन्ही ठिकाणी जवान मोहीम संपवून परतत होते. जाताना जंगलातून पायी जाणारे, पायवाट टाळणारे, रात्री चालून पहाटे पोहोचणारे हेच प्रशिक्षित जवान परत येताना डांबरी रस्त्यावर गाडीत बसले होते. दोन-तीन दिवस पाठीवर ओझे घेऊन चालल्यानंतर शेवटचे वीस किलोमीटरही चालावेत, असे कुणाला वाटेल? सुरुंग पेरणाऱ्याला नेमके हेच ठाऊक असते. मोहिमेवर गेलेले पथक कोणत्या तरी दिवशी परतणारच आणि परतीला रस्ते एक-दोनच असतात.

सुरुंगरोधक गाडी कशी काम करते?

अशा घटनेनंतर पहिली मागणी होते ती सुरुंगरोधक गाड्यांची, म्हणजे एमपीव्हीची. या गाडीचे तत्त्व साधे आहे. साध्या जीपचा किंवा ट्रकचा तळ सपाट असतो. खाली स्फोट झाला की त्याचा सगळा जोर तळावर आदळतो. सुरुंगरोधक गाडीचा तळ होडीसारखा, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा असतो. त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळतो. गाडी जमिनीपासून उंच असते, कारण स्फोटापासून जितके अंतर वाढते तितका त्याचा मारा झपाट्याने कमी होतो. चाक आणि धुरा तुटून उडाल्या तरी चालतात, पण माणसे बसलेला कप्पा शाबूत राहिला पाहिजे, असा हिशेब असतो.

या प्रकारातील सर्वात प्रसिद्ध गाडी म्हणजे दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली 'कॅस्पिर'. सुमारे ११ टनांच्या या गाडीत दोन चालक-सहायक आणि १२ जवान बसतात. चाकाखाली २१ किलो आणि तळाखाली १४ किलो टीएनटीच्या तोडीचा स्फोट सोसण्याची तिची क्षमता सांगितली जाते. भारताने या गाड्या विकत घेतल्या आणि पुढे तेलंगणातील मेडक येथील आयुध निर्माणीत त्याच धर्तीवर 'आदित्य' ही गाडी तयार होऊ लागली.

यातील एक बारीकसा मुद्दा अनेकदा दुर्लक्षित राहतो. अशा गाडीत आसनाचा पट्टा बांधणे ही औपचारिकता नसते. स्फोटाने गाडी उसळते तेव्हा पट्टा न बांधलेल्या जवानाचे डोके छतावर आपटते, मान आणि पाठीचा कणा मोडतो. गाडी वाचते, माणूस वाचत नाही. सुटे ठेवलेले पाण्याचे कॅन, दारूगोळ्याच्या पेट्या, हत्यारे हेसुद्धा आत गोळ्यांसारखे उडतात.

मग या गाड्याही का उडतात?

कारण समोरचाही शिकतो. गाडीची क्षमता १४ किंवा २१ किलोची असेल, तर रस्त्याखाली ५० किलो पेरले जातात. कारखान्यात बनलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगाचे वजन ठरलेले असते. गावठी सुरुंगाला अशी मर्यादा नसते. ३ सप्टेंबर २००५ रोजी विजापूर भागात पदेडाजवळ सुरुंगरोधक गाडीच उडवण्यात आली आणि २४ जणांचा बळी गेला. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टाराम-पालोडी मार्गावर अशाच गाडीतील केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नऊ जवान शहीद झाले. ६ एप्रिल २०१० च्या ताडमेटला हल्ल्यात ७६ जण मारले गेले. त्या वेळी अडकलेल्यांच्या मदतीला निघालेली कवचधारी गाडीही वाटेत उडवण्यात आली होती.

अशा घटनांनंतर सुरक्षा दलांतच या गाड्यांना 'चाकांवरच्या शवपेट्या' म्हटले जाऊ लागले. माओवादग्रस्त भागात त्यांचा वापर कमी करून पायी हालचालींवर भर देण्यात आला. मात्र यावरून गाडीच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. साध्या गाडीतील जवान छोट्या सुरुंगानेही मरतो. सुरुंगरोधक गाडीतील जवानाला मारण्यासाठी कित्येक पट स्फोटके जमवावी, वाहून न्यावी आणि खोल पुरावी लागतात. त्याला वेळ आणि माणसे लागतात, आणि तेवढीच पकडले जाण्याची शक्यता वाढते. गाडीचे कवच धोका कमी करते, संपवत नाही. खरी चूक होते ती कवच आहे म्हणून रस्ता न तपासण्यात.

या गाड्यांची आणखी एक अडचण आहे. त्या जड आणि उंच असतात. त्यामुळे पांदण रस्ते, भाताच्या बांध्या, कच्चे रपटे यांवरून त्या जाऊ शकत नाहीत आणि ठरलेल्या रस्त्यालाच चिकटून राहतात. गोंदियासारख्या धानाच्या आणि नाल्यांच्या प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात, याचा अर्थ उघड आहे. गाडी कुठून जाणार, हे कुणालाही आधीच सांगता येते.

लष्करात पायदळ चिलखती गाड्यांसोबत कसे जाते?

पोलिसांचा हा प्रश्न लष्करासाठी नवा नाही. रणगाडा ताकदवान असतो, पण त्याला जवळचे दिसत नाही. खंदकात दबा धरलेला, खांद्यावर रॉकेट घेतलेला एक शत्रू सैनिक त्याला निकामी करू शकतो. म्हणून रणगाड्याला पायदळ लागते. पायदळाला मात्र रणगाड्याच्या वेगाने चालता येत नाही आणि उघड्यावर तोफगोळ्यांचे तुकडे लागतात. या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी यांत्रिक पायदळ जन्माला आले. भारतीय लष्करात मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली. तिचे प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्रातच, अहिल्यानगर येथे आहे. तिथले सैनिक 'बीएमपी-२' या साखळीपट्ट्याच्या गाडीतून लढायला शिकतात. सुमारे १४ टनांच्या या गाडीत तिघे चालवणारे-तोफ डागणारे आणि सात पायदळ सैनिक असतात.

या प्रशिक्षणाचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो : उतरायचे कुठे? फार लवकर उतरले तर सैनिकांना लांबचे अंतर उघड्यावर, गोळीबारात पार करावे लागते. फार उशिरा उतरले तर गाडी शत्रूच्या रणगाडाविरोधी हत्याराच्या टप्प्यात येते आणि एका फटक्यात अख्खी तुकडी जाते. म्हणून शत्रूच्या माऱ्याआधीच्या शेवटच्या आडोशाला, एखाद्या उंचवट्यामागे किंवा ओढ्याच्या खोलगटात, सैनिक उतरतात. गाडी मागे राहून आपल्या तोफेने त्यांना संरक्षण देते.

पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या शौर्यामुळे १९७१ ची बसंतरची लढाई सर्वांना माहीत आहे. पण त्या लढाईचा क्रमही बोलका आहे. आधी पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले. मग अभियंता दलाच्या जवानांनी सुरुंग साफ करत वाट काढायला सुरुवात केली आणि त्या वाटेने 'पूना हॉर्स'चे रणगाडे पलीकडे गेले. शत्रूचा प्रतिहल्ला येत असल्याने सफाई पूर्ण होण्याआधीच रणगाडे सुरुंगक्षेत्रात घालावे लागले. नियमाला अपवाद करावा लागला, पण तो धोका माहीत असताना, विचार करून पत्करलेला होता. पायदळ, सुरुंग साफ करणारे आणि चिलखत हे तिघे एकमेकांच्या आधाराने पुढे जातात, हा धडा जंगलातील पोलीस पथकालाही लागू आहे.

सैनिक गाडीच्या छतावर का बसतात?

युद्धाची छायाचित्रे पाहताना अनेकांना प्रश्न पडतो : कवच असलेल्या गाडीत बसायचे सोडून सैनिक तिच्या पाठीवर का बसले आहेत? १९७९ ते १९८९ दरम्यान अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिकांनी ही सवय लावून घेतली. त्यांच्या गाड्यांचा तळ सपाट आणि पातळ होता. 'बीएमपी'च्या मागच्या दारांतच इंधनाची टाकी होती. सुरुंग फुटला की आत बसलेले सगळे जायचे, तर वर बसलेला फेकला जायचा पण जिवंत राहण्याची शक्यता असायची. शिवाय वरून चहूकडे दिसते आणि क्षणात उडी मारता येते.

याची किंमतही होती. वर बसलेला सैनिक नेमबाजाचे आणि दबा धरून केलेल्या गोळीबाराचे सोपे लक्ष्य असतो. म्हणजे सुरुंगाची भीती जास्त तिथे वर, गोळीबाराची भीती जास्त तिथे आत, असा हा हिशेब. माओवाद्यांची जुनी पद्धत मात्र या दोन्हींची सांगड घालणारी आहे. आधी स्फोट आणि लगेच दोन्ही बाजूंच्या टेकाडांवरून गोळीबार. त्यामुळे आत की वर, यापेक्षा गाडी त्या जागी न्यायचीच का, हा प्रश्न इथे जास्त कळीचा ठरतो.

गाडीत बसूनच राहिले तर काय होते, याचे उदाहरण ग्रोझ्नीने दिले. ३१ डिसेंबर १९९४ रोजी रशियन चिलखती तुकड्या चेचेन्याच्या या राजधानीत घुसल्या. पायदळ गाड्यांमध्येच बसून होते. चेचेन लढवय्यांनी अरुंद रस्त्यांत पहिली आणि शेवटची गाडी पेटवली आणि मधल्या सगळ्या अडकल्या. मायकोप ब्रिगेडचे बहुतांश रणगाडे आणि गाड्या दोन-तीन दिवसांत नष्ट झाल्या. गल्ली असो की घाट, जिथे दोन्ही बाजूंनी उंच आडोसा आहे तिथे पायदळाने आधी उतरून कडा ताब्यात घ्यायच्या आणि मगच गाडी पुढे न्यायची, हा नियम त्यानंतर पुन्हा एकदा रक्ताने लिहिला गेला.

रस्ता मोकळा करणे म्हणजे काय?

गोंदिया-गडचिरोलीत या नियमाचे स्थानिक रूप म्हणजे रोड ओपनिंग पार्टी, अर्थात आरओपी. गाड्या निघण्याआधी एक पथक त्या रस्त्याने पायी जाते. पण हे पथक रस्त्याच्या मधोमध चालत नाही. त्याचा एक भाग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, जंगलातून, बऱ्याच अंतरावर चालतो. कारण तारेने उडवायच्या सुरुंगाची तार रस्त्यापासून लांब, लपून बसलेल्या माणसापर्यंत गेलेली असते. ती तार आणि तो माणूस बाजूच्या जंगलातच सापडतो. दुसरा भाग धातुशोधक यंत्र आणि प्रशिक्षित श्वान घेऊन रस्ता तपासतो. मोऱ्या, रपटे, पुलांचे कठडे, नव्याने उकरलेली माती, उगाच पडलेला फांद्यांचा ढीग यांवर नजर ठेवली जाते.

डांबरी रस्ता म्हणजे सुरक्षित, हा समजही आता टिकलेला नाही. रस्त्याच्या कडेने आडवे भुयार खणून डांबराखाली स्फोटके सारण्याची पद्धत बस्तरमध्ये आढळली आहे. वरून डांबर जसेच्या तसे दिसते. असा सुरुंग महिनोन् महिने आधी पुरून ठेवलेला असू शकतो. त्यामुळे काल तपासलेला रस्ता आज सुरक्षित, असे समजता येत नाही.

रस्ता तपासून झाल्यावरही गाड्यांचे नियम असतात. दोन गाड्यांमध्ये एवढे अंतर ठेवायचे की एका स्फोटात दोन्ही सापडणार नाहीत. एकाच गाडीत सगळे जवान कोंबायचे नाहीत. पूल, मोरी किंवा घाट आला की जवानांनी उतरून पायी पलीकडे जायचे आणि गाडी नंतर, रिकामी आणायची. रोज एकच वेळ आणि एकच रस्ता ठेवायचा नाही. शक्य तिथे एका रस्त्याने जाऊन दुसऱ्याने यायचे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, जाळपोळ किंवा हल्ल्याची खबर आली की धावत सुटायचे नाही. ती खबर खरी असली तरी तिच्याकडे जाणारा रस्ता सापळा असू शकतो.

मग पायी चालणे हाच उपाय का?

सी-६० ची ओळखच मुळी पायी चालण्याची आहे. १९९० मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेल्या या पथकात स्थानिक तरुणांना घेण्यात आले. त्यांना जंगल, गोंडी-माडिया भाषा आणि वाटा ठाऊक होत्या. गोंदियातही पुढे सी-६० पथके तयार झाली. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोलाच्या जंगलात २६ माओवादी मारले गेले. अशा मोठ्या मोहिमांमागे जंगलातून, रस्ता सोडून केलेली लांबलचक पायपीट असते.

पण पायी चालणे हाही रामबाण उपाय नाही. जवान चालू लागले तेव्हा माओवाद्यांनी पायवाटांवर दाबाने फुटणारे छोटे सुरुंग पेरायला सुरुवात केली. अशा सुरुंगात एका वेळी पंधरा जण जात नाहीत, पण एखाद्याचा पाय जातो. जखमीला उचलून नेणे, हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी जागा मोकळी करणे, यात अख्खी मोहीम थांबते. हे सुरुंग माणूस ओळखत नाहीत. बस्तरमध्ये तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला गेलेले आदिवासी, गुरे चारणारी मुले आणि जनावरे यांचे त्यात बळी गेले आहेत.

दक्षिण आफ्रिकेच्या 'कूव्हूट' या पोलीस तुकडीने नामिबियात यावर मधला मार्ग काढला होता. माग काढणारे पायी पुढे धावायचे, कॅस्पिर गाड्या त्यांच्या मागे-बाजूला चालायच्या आणि दमलेल्यांची जागा गाडीतील ताजेतवाने मागकाढे घ्यायचे. या तुकडीवर अत्याचारांचे गंभीर आरोप झाले आणि तिचा तो वारसा कुणी मिरवावा असा नाही. शिवाय नामिबियातील सपाट झुडपी माळ आणि नवेगाव-नागझिऱ्याचे घनदाट जंगल यांत मोठा फरक आहे. तरीही गाडी की पाय हा वाद एकाची निवड करून सुटत नाही, दोन्ही एकमेकांना पूरक करावे लागतात, एवढा मुद्दा त्यातून घेता येतो.

नियम माहीत असूनही का मोडतात?

जांभूळखेड्यानंतर जवानांनी नियम मोडला, असे म्हणणे सोपे होते. पण नियम पाळण्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहायला हवे. वीस किलोमीटर रस्ता दोन्ही बाजूंनी तपासत जायला अख्खा दिवस आणि मोठे मनुष्यबळ लागते. दुर्गम ठाण्यात तेवढी माणसे नसतात. वर घटनास्थळी तातडीने पोहोचा, असा दबाव असतो. सरकारी गाडी ओळखू येते म्हणून खासगी गाडी वापरली जाते. ती ओळखू येत नाही हे खरे, पण तिला कवचही नसते आणि छोट्या गावात गुपित फार काळ टिकत नाही. यात खासगी गाडीचा चालकही असतो. तो पोलीस नसतो, त्याला प्रशिक्षण नसते. जांभूळखेडा, अरनपूर, कुटरू या तिन्ही ठिकाणी जवानांसोबत चालकाचाही जीव गेला.

आणखी एक कारण मानवी आहे. शंभर वेळा रस्ता तपासून काहीच सापडले नाही, की एकशे एकाव्या वेळी तपासावेसे वाटत नाही. शांततेचे महिने जितके वाढतात, तितका हा धोका वाढतो.

आता परिस्थिती काय आहे?

माओवादी चळवळ सध्या सर्वात कमकुवत अवस्थेत आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी एमएमसी झोनचा प्रवक्ता अनंत याच्यासह ११ जणांनी गोंदिया पोलिसांसमोर आत्मसमर्पण केले. त्यापूर्वी काही दिवसच, याच तीन राज्यांच्या सीमेवर झालेल्या चकमकीत मध्य प्रदेशच्या हॉक फोर्सच्या एका निरीक्षकाला वीरमरण आले होते. देश नक्षलमुक्त करण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली.

पण शस्त्र खाली ठेवणारा माणूस दिसतो, जमिनीखालचा सुरुंग दिसत नाही. पेरणारा मेला, पकडला गेला किंवा शरण आला तरी सुरुंग तिथेच राहतो. कुणी, कधी, कुठे पेरला याची नोंद अनेकदा त्या एका माणसाच्या डोक्यातच असते. म्हणूनच शरण आलेल्यांकडून ही माहिती मिळवणे आणि जुन्या वाटा, रपटे, मोऱ्या पद्धतशीर तपासणे हे पुढच्या काळातील मोठे काम आहे. ते जवानांइतकेच तेंदूपत्ता हंगामात पहाटे जंगलात जाणाऱ्या मजुरांसाठीही गरजेचे आहे.

दुसरीकडे युद्धतंत्रही बदलते आहे. युक्रेनमध्ये स्वस्त ड्रोन एकेका चिलखती गाडीवर झेपावतात. त्यामुळे तिथे सैनिक गाडीतून आणखी लांबच उतरू लागले, काही ठिकाणी तर मोटारसायकलवरून हल्ले झाले. आपल्याकडे ड्रोनचा उपयोग मुख्यतः पोलिसांच्या बाजूने, रस्ता आणि जंगल न्याहाळण्यासाठी होतो. मात्र वरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याला डांबराखालचे दिसत नाही. त्यासाठी आजही पायी चालणारे पथक, श्वान आणि अनुभवी नजर लागते.

गोंदियात पक्के रस्ते, पूल आणि मोबाइल मनोरे वाढले तसा प्रवास वेगवान झाला. शांतता टिकली तर हळूहळू गस्तीच्या गाड्याही सर्वसाधारण पोलीस गाड्यांसारख्याच धावू लागतील आणि ते व्हायलाच हवे. तोवर जुना हिशेब कायम राहतो. गाडी पोहोचवण्यासाठी असते. कुठपर्यंत पोहोचवायचे आणि कुठून पुढे उतरून चालायचे, हे घाईत नव्हे तर निघण्याआधी ठरवायचे असते. परतीच्या प्रवासालाही तोच नियम लागू आहे.